रिकाम्या खाचा

वाडेकरबाईंना कुणी ‘मॅडम’ म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या. मागे कुणी नाही याची खात्री झाली की म्हणायच्या, “इथं मॅडम न्हाई कुणी. मी वाडेकरबाई. बोला, काय काम हाय?” समोर कंपनीचा क्वालिटी मॅनेजर असो नाहीतर पाण्याच्या बाटल्या आणून देणारा ड्रायव्हर, सगळ्यांना हेच. आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक, कपाळाला हात लावायचे. एकदा त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून फार गोडीत सांगितलं, की बाई, पार्टीसमोर जरा शुद्ध बोलत जा, इंप्रेशन पडतं. बाई म्हणाल्या, “सर, मी दिवसभर ज्यांच्यासंगं असते त्या जंतूंची काय तक्रार न्हाई,” आणि उठून जंतू वाढवायच्या प्लेटा बघायला गेल्या.

थेरगावात डांगे चौकापासून पाच-सात मिनिटांवर, खाली टायरचं दुकान आणि वर आमची लॅब. पाणी, खाण्याचे पदार्थ आणि आसपासच्या दवाखान्यांतून येणारे नमुने आम्ही तपासायचो. मी तिथे रिपोर्ट टाइप करायला होते. जंतूंशी माझा संबंध स्पेलिंगपुरता. बाई आतल्या खोलीच्या प्रमुख. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. सहावारी साडीवर पांढरा कोट, पायात मुलाने टाकून दिलेले स्पोर्ट शूज आणि अंबाड्यात खोचलेला काळा मार्कर. चाकणच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्यांचं माहेर. तिथून रोज एसटीने कॉलेजला जाऊन त्या शिकल्या, लग्न होऊन चिखलीत आल्या, पण बोली काही त्यांनी उंबऱ्याबाहेर सोडली नाही.

बाईंची ओळख करून द्यायची तर आधी जेलची करून द्यावी लागेल, कारण त्यांचा सगळा हट्ट त्या जेलमध्ये होता. चायनाग्रासची वडी थापावी तसा तो एक पातळ चौकोनी तुकडा. त्याच्या एका कडेला ओळीने बारीक खाचा. आजारी माणसाच्या नाहीतर पाण्याच्या नमुन्यातून जंतू वाढवायचा, त्याचा डीएनए काढायचा, मशीनमध्ये त्यातल्या काही तुकड्यांच्या भरपूर प्रती करायच्या आणि एकेका खाचेत एकेक थेंब सोडून वीज लावायची. तुकडे आपापल्या लांबीप्रमाणे पुढे सरकतात. मग दिव्याखाली धरलं की प्रत्येक खाचेखाली पट्ट्यांची एक शिडी दिसते. दोन शिड्या पायरीला पायरी जुळल्या तर ते जंतू एकाच घरचे असणार, अशी दाट शंका घ्यायची. नाही जुळल्या, तर नाव एक असलं तरी घर वेगळं.

मला हे काही केल्या डोक्यात शिरेना. साल्मोनेला हा ताप-जुलाब आणणारा जंतू. मग साल्मोनेला म्हणजे साल्मोनेला, त्यात आणखी काय बघायचं? बाई म्हणाल्या, “अगं, ते नुसतं नाव झालं. चाकणच्या चौकात उभी ऱ्हा आन ‘सुनील’ म्हणून हाक मार, निम्मी माणसं वळून बघत्याल. त्यातला पाकीट मारणारा सुनील कोणता, ते नावावरनं कळतंय व्हय? खूण पायजे.” त्या दिवशी मला ते कळलं ते कायमचं.

जेलला पंधरा खाचा. गिऱ्हाइकाचे नमुने असायचे नऊ, फार तर दहा. उरलेल्या खाचा तशाच रिकाम्या जायच्या. बाईंनी लॅबमध्ये आल्या त्याच वर्षी जाहीर करून टाकलं होतं, “रिकाम्या खाचा माझ्या.” त्यात त्या स्वतः गोळा केलेले जंतू घालायच्या. रसवंतीचा बर्फ, पाणीपुरीचं पाणी, मंगल कार्यालयाची टाकी, हातपंप, विहिरी. जिथे जातील तिथली एक बाटली पिशवीतून यायचीच. जावेच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंक्ती चालू असताना या आचाऱ्याच्या पिंपात बाटली बुडवून मोकळ्या झाल्या होत्या. सापडलेले जंतू काचेच्या बारीक नळ्यांत भरून डीप फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जायचे आणि पट्ट्यांचे फोटो एका लांबड्या वहीत चिकटवले जायचे.

त्या वहीचा एकच नियम होता. “नाव पुरं लिवायचं.” जागा, मालक, तारीख, नळ होता की बादली, सगळं. मी एकदा त्यांच्यासाठी नोंद करताना नुसतं ‘शिंदे रसवंती’ लिहिलं. बाईंनी ओळ खोडली. “शिंदे कोणते? या रस्त्यानं तीन शिंदे हायेत. अर्ध्या नावाचा नमुना मोरीत ओतायच्या लायकीचा.” दुसऱ्या दिवशी मला त्या रसवंतीवर जाऊन मालकाचं अख्खं नाव विचारून यावं लागलं. तो बिचारा घाबरून मला दोन ग्लास रस फुकट पाजायला लागला.

आता एवढं सगळं माहीत असलेली बाई बाहेर काही खात नसेल, असं वाटेल ना? छे! डांगे चौकात पाणीपुरीच्या गाडीवर त्या मला ओढून न्यायच्या. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, “याचं पाणी मी चारदा तपासलंय. कुठला नळ, कुठलं पिंप, मला ठावं हाय. तू त्या काचेच्या हाटेलात जाऊन कोशिंबीर खातीस, तिथलं तुला काय ठावं?” गाडीवाला त्यांना आधी हात पुढे करून दाखवायचा, धुतलेत म्हणून, आणि मगच रगडा द्यायचा.

रावेतच्या सोसायटीचा किस्सा तर आम्ही कितीतरी दिवस चघळत होतो. तिथल्या आठ-दहा मुलांना ताप आणि जुलाब झाले. सेक्रेटरी लॅबमध्ये आला तो कामवाल्या बायकांची यादी घेऊनच. एकेकीची तपासणी करा, जिच्यात निघेल तिचा पास रद्द. बाईंनी यादी वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, “यात तुमचं नाव कुठंय?”

“माझं? माझं कशाला?”

“तुमी पण त्याच टाकीचं पाणी पिता, त्याच लिफ्टचं बटण दाबता. ही घ्या डबी. उद्या सकाळी भरून आणा. सोसायटीतल्या सगळ्यांच्या डब्या आल्या की मग बायांच्या घेऊ.”

सेक्रेटरी लालबुंद झाला, सरांकडे गेला, सर बाहेर आले. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी ठरलं, आधी टाकी बघायची. गच्चीवर बाईंसोबत मीही गेले होते. नमुना घ्यायची त्यांची रीत अगदी देवपूजेसारखी होती. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, मग लायटरने त्याला जाळ दाखवायचा, मग दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, आणि तेव्हा कुठे बाटलीचं झाकण उघडायचं. कुणी मध्येच “झालं की, भरा आता” म्हणालं की त्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरायच्या. टाकीचं झाकण अर्धं उघडं होतं आणि आत कबुतरांनी संसार मांडलेला होता. आजारी मुलांच्या पट्ट्या जुळल्या त्या टाकीशी. बायकांना तपासायची वेळच आली नाही. रिपोर्ट न्यायला सेक्रेटरी स्वतः आला नाही, वॉचमनला पाठवलं.

पण मला बाई आठवतात त्या यामुळे नाही. त्या आठवतात अनुसयेमुळे.

चाकणच्या बाजूच्या एका कंपनीत कँटीनचं जेवण जेवून दोन शिफ्टची माणसं आडवी झाली. उलट्या, जुलाब, फणफणून ताप. एक मुलगा तर आयसीयूत गेला, कसाबसा वाचला. आजाऱ्यांचे नमुने दवाखान्यातून आमच्याकडे आले, आणि कँटीनच्या ठेकेदाराने अन्नाचे, पाण्याचे आणि स्वयंपाक करणाऱ्यांचेही पाठवले. आजाऱ्यांमध्ये साल्मोनेला निघाला. पिण्याच्या पाण्याला फिल्टरचं मोठं मशीन होतं, ते पाणी स्वच्छ. स्वयंपाक करणाऱ्यांपैकी एकीच्या नमुन्यात साल्मोनेला निघाला. अनुसया तिचं नाव.

झालं! ठेकेदाराला तेवढंच हवं होतं. त्याने त्याच दिवशी तिला काढलं आणि कँटीनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकला, खाली ‘हिच्यामुळे’. फोटो फिरत फिरत चिखलीत तिच्या घरमालकापर्यंत पोचला. तो म्हणाला, महिनाअखेर खोली मोकळी कर.

ती लॅबमध्ये आली तेव्हा मीच बाहेर होते. लातूरकडची, पन्नाशीची, काटक बाई. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, कशाला हात लावायलाही तयार नव्हती. दोन्ही हात पदराखाली. वाडेकरबाई बाहेर आल्या, तिला बघितलं आणि आधी तिचे हात पदराखालून ओढून बाहेर काढले. “हात लपवायला काय झालं? बस हितं.”

“बाई, म्या चुलीम्होरं जलम काढला बगा,” अनुसया म्हणाली. “माझ्या हातचं खाऊन एक लेकरू मरता मरता वाचलं म्हनतेत. खरं आसंल तर म्या पुन्हा कवा चुलीला हात लावनार न्हाई. पर खरं हाय का, तेवढं कुनीतरी सांगा की!”

बाईंनी तिच्यासाठी चहा मागवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या दिवशी काय काय केलं? भात, आमटी, मटकीची उसळ, पोळ्या, सगळं शिजवलेलं. आणि ताक.

“ताकात पाणी कुठलं घातलं?”

“टाकीचं.”

“मशीनचं का न्हाई?”

अनुसया बघतच राहिली. “मशीनचं पानी पिन्यासाठी हाय ना बाई. लई हळू येतंय ते. शंभर लिटर ताकाला कवा पुरायचं? आन ताकाला कुठं कोन मशीनचं पानी घेतंय?”

मी मनातल्या मनात म्हटलं, खरंच की, आपण तरी घरी कुठे घेतो! पिण्याचं पाणी उकळतो, गाळतो, आणि कोथिंबीर नळाखाली धरतो. बाईंनी पुढचं विचारलं, रात्रीच्या शिफ्टला ताक असतं का? नसतं. रात्रपाळीचं कुणी आजारी पडलं का? एकही नाही. बाईंनी अंबाड्यातला मार्कर काढून हातावरच लिहिलं, ‘टाकी’.

पण घटना घडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीने टाकी घासून, ब्लीचिंग पावडर टाकून चकचकीत केलेली. त्यातून आता काय मिळणार? टाकीत पाणी यायचं टँकरने, आणि टँकर भरायचे त्या भागातल्या विहिरींवरून.

इकडे सर म्हणाले, “बाई, आजाऱ्यांत साल्मोनेला, स्वयंपाकाच्या बाईत साल्मोनेला. तेवढं लिहून द्या. खोटं तर काही नाही ना त्यात?”

“खोटं न्हाई,” बाई म्हणाल्या, “पर अर्धं हाय. अर्धं लिहायला दुसरी बघा. मी पट्ट्या बघितल्याबिगर सही करणार न्हाई.”

“पार्टीने पट्ट्या मागितलेल्या नाहीत.”

“रिकाम्या खाचा माझ्या हायेत, सर. त्या कुणी मागायच्या न्हाईत.”

त्या दिवशीच्या जेलमध्ये आजाऱ्यांच्या सहा खाचा होत्या, अनुसयेची एक, आणि उरलेल्यांत बाईंनी खालच्या कप्प्यातल्या जुन्या नळ्यांमधले चाकणकडचे जंतू घातले. दुपारी फोटो निघाला. मला आता थोडंफार कळत होतं. सहाही आजाऱ्यांच्या शिड्या एकसारख्या. अनुसयेची साफ वेगळी. तिच्या पोटातला जंतू कधीचा तरी, कुठला तरी, पण यातला नव्हे. मी टाळीच वाजवली. “बाई, सुटली की हो अनुसया!”

बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी अंबाड्यातला मार्कर काढला, अंबाडा सुटला, केस पाठीवर आले, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. फोटोतल्या शेवटून दुसऱ्या खाचेवर त्यांनी बोट ठेवलं. तिथली शिडी आजाऱ्यांच्या शिडीशी पायरीला पायरी जुळत होती.

“ही कुठली?” मी विचारलं.

त्यांनी लांबडी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. त्या नोंदीत दोनच शब्द होते. ‘विहीर. माहेर.’ ना गाव, ना मालक, ना तारीख. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. अख्ख्या वहीत अर्ध्या नावाची ती एकच नोंद होती.

मग बाईंनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी त्या गावच्या जत्रेला माहेरी गेल्या होत्या. सवयीने विहिरीची बाटली भरून आणली, त्यात साल्मोनेला निघाला. त्यांचे थोरले भाऊ, दादा, तोवर टँकर भरून द्यायला लागले होते. बरीचशी जमीन कंपन्यांत गेलेली, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि खोल्यांच्या संडासांचा शोषखड्डा खणला तो विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. बाईंनी फोन करून सांगितलं, दादा, पाण्यात घाण उतरतीय, पावडर टाक आणि खड्डा हलव. दादा म्हणाले, टाकतो. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

“दुसऱ्या कुणाची विहीर असती तर लेखी दिलं असतं गं मी. महिन्यानं परत जाऊन बाटली भरली असती. घरची म्हणून तोंडी सांगितलं आन गप बसले. त्याचं नाव वहीत नगं म्हणून नाव सुदीक न्हाई लिवलं.” बाईंना रडताना मी तेव्हा पाहिलं, एकदाच. “ते पोरगं मेलं असतं तर?”

मी भित्री आहे, आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही. मी म्हटलं, “बाई, अनुसयेचं जुळत नाही, एवढंच लिहू ना. ती सुटते. तुमच्या दादांचं नाव कशाला घ्यायचं?”

बाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाले. “म्हंजे उद्या तेच टँकर दुसऱ्या दारात. मग तिथली एखादी अनुसया. मग पुन्हा एक फोटो. असंच करू म्हणतीस?”

पुढच्या रविवारी त्या माहेरी गेल्या. दादांनी चहा केला, विहिरीवर घेऊन गेले, पंपाच्या नळाशी बहिणीची ती पूजा कौतुकाने बघत उभे राहिले; लायटरसुद्धा त्यांनीच खिशातून काढून दिला. त्यांना वाटलं, बहीण लॅबमध्ये आहे, सांभाळून घेईल. बाईंनी भागातल्या आणखी दोन विहिरींचंही पाणी घेतलं. आणि एक केलं, ज्याच्यासाठी मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात. सगळ्या नळ्यांवरची नावं काढून नुसते आकडे टाकले आणि त्या पुण्याला एका मोठ्या संस्थेत पाठवल्या, जिथे जंतूचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचतात. “मीच बहीण, मीच तपासणार, उद्या कुणी म्हणंल घरचं वैर काढलं. म्हणून ज्यांना मी ठावं न्हाई त्यांनी वाचू द्या.”

तोवर अनुसया दर दोन दिवसांनी फोन करायची. बाई तिला दर वेळी तेच सांगायच्या, “दम धर. खोली सोडू नगं. मालक आला तर मला फोन लाव.” आणि मालक आला तेव्हा त्यांनी त्याला फोनवर असा झापला, की तो म्हणे बाईंनाच पोलिसातल्या समजला.

पुण्याहून उत्तर आलं. आजाऱ्यांचे सगळे आणि एका विहिरीचा जंतू, एकाच घरचे. तो आकडा दादांच्या विहिरीचा होता. बाकीच्या विहिरींचं काही जुळत नव्हतं. अनुसयेचा तर त्यांच्या दूरच्या नात्यातलाही नव्हता.

रिपोर्ट मीच टाइप केला. ‘उगम’ या रकान्यात विहिरीच्या मालकाचं नाव घालायचं होतं. मी आडनावाआधी दोन आद्याक्षरं टाकली आणि पुढे सरकले. बाई मागे उभ्या होत्या. “नाव पुरं लिव,” त्या म्हणाल्या. मी लिहिलं. बापाचं नाव आलं, म्हणजे बाईंच्याही बापाचं. त्यांनी सही केली, रिपोर्ट सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “हे असंच जाणार हाय. न्हाई गेलं तर माझ्या सहीची प्रत मी हातानं नेऊन देईन.” सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि शिक्का मारला. त्यांचंही कौतुक वाटलं मला त्या दिवशी.

टँकर बंद झाले. तिसऱ्याच दिवशी दादा मोटारसायकलवरून आले. उंच, पांढरा सदरा, चेहरा थेट बाईंचा. जिना चढता चढताच त्यांचा आवाज सुरू झाला. “बहीण हायस का वैरीण गं? गावात तोंड काढायची सोय न्हाई ठेवली! वैऱ्यानं केलं नसतं असं!”

बाई दारात आल्या. “वैऱ्यानं कशाला केलं असतं? त्याला काय पडलीय? बहीण हाय म्हणून दोन वर्षं गप बसले, ती चूक झाली. ती आता न्हाई करणार.”

“माझ्या दारात पाऊल ठेवू नगंस.”

“दारात न्हाई येणार,” बाई म्हणाल्या. “विहिरीवर येईन. दर महिन्याला. खड्डा हलीव, पावडरीचं मशीन बशीव, मी पाणी तपाशीन. चांगलं आलं तर ते पण पुऱ्या नावानं लिहीन.” दादा तोंडातल्या तोंडात काही बोलले आणि गेले. बाई आत येऊन प्लेटा मोजायला लागल्या, तीन वेळा मोजल्या आणि तिन्ही वेळा चुकल्या.

ठेकेदाराने अनुसयेला परत बोलावलं. तिने कुठून एवढं बळ आणलं कोण जाणे, पण ती म्हणाली, फोटो जिथे टाकला तिथेच ‘हिच्यामुळे नाही’ असं लिहा, आणि तिन्ही शिफ्टला कँटीनमध्ये उभं राहून सांगा, तर येते. त्याने सांगितलं. अनुसया औषधाचा कोर्स पुरा करून, पुन्हा तपासणी करून मगच कामावर गेली. बाईंनीच तिला त्याआधी जाऊ दिलं नाही. आता तिथे ताकासाठी मशीनचं पाणी सकाळपासून पिंपात साठवून ठेवतात. तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा इतकं जोरात सांगितलं, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पुढे मी ती नोकरी सोडली. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. रविवारी सकाळी चिखलीच्या रस्त्याला त्या पिशवी घेऊन उभ्या दिसल्या, एसटीची वाट बघत. मी गाडी थांबवली. “चल की मग माझ्यासंगं माहेरी,” म्हणाल्या. वाटेत कळलं, दर महिन्याला जातात. दादांनी खड्डा लांब हलवला, पावडरीचं मशीनही बसवलं, पण विहिरीला आणि पंपाला जाळी ठोकून जाळीच्या दाराला कुलूप घातलं. बाई येतात, जाळीपाशी तासभर उभ्या राहतात आणि रिकामी बाटली घेऊन परत जातात. असं चार वेळा झालं होतं.

“मग कशाला जाता हो?” मी चिडून विचारलं.

“मी येईन म्हणले हुते ना? मग?”

आम्ही पोचलो. जाळीला कुलूप होतं. बाईंनी पदर खोचला, घराकडे तोंड केलं आणि ओरडल्या, “दादाऽ! मी आलेय! उभी हाय!” खोल्यांच्या गॅलरीत कामगार पोरं बघायला लागली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना काहीच वाटत नव्हतं. ऊन चढलं. त्यांनी पुन्हा हाक मारली.

बऱ्याच वेळाने दादा आले. किल्ली हातात. आमच्याकडे न बघता त्यांनी कुलूप काढलं आणि पंपाच्या नळाशी गेले. बाई पिशवीतून स्पिरिटचा बोळा काढायला लागल्या, तो दादांनी त्यांच्या हातातून काढून घेतला. नळाचं तोंड पुसलं. खिशातून लायटर काढून त्याला सगळीकडून जाळ दाखवला. नळ सोडला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. दोन मिनिटं पाणी नुसतं वाहत होतं.

दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी मान हलवली. बाईंनी बाटली भरली, झाकण लावलं, अंबाड्यातला मार्कर काढला. चिठ्ठीवर त्यांनी ‘विहीर’ लिहिलं आणि थांबल्या.

“नाव पुरं लिव,” दादा म्हणाले.